ओव्हरऑइलिंग करून मिळेल

दुकानाला नाव नाही. पत्र्यावर ऑइलपेंटनं ‘सायकल ओव्हरऑइलिंग करून मिळेल’ एवढंच रंगवलंय, आणि त्यातलं ‘सायकल’ पावसानं अर्धं धुऊन नेलंय. दापोडी स्टेशनाकडून वस्तीत शिरलात की कोणालाही ‘मामांचं दुकान’ विचारा. दुकानात काम करणारं पोरगं मालकाचा सख्खा भाचा. त्याच्या तोंडून दिवसभर ‘मामा, मामा’ ऐकून सगळ्या गल्लीनं तेच उचललं. मीही मामाच म्हणतो, ते मला काका म्हणतात, आणि नात्याचा हिशेब कोणी करत बसत नाही.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे पुढची खुसपटं कुठून आली ते कळेल. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत फिटर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. जन्मभर गाड्या खोलल्या आणि परत बसवल्या. त्यामुळे समोर कोणी हातात पाना घेतला की मला गप्प राहवत नाही. बायको म्हणते, तुम्ही दुकानात काम करून घ्यायला जात नाही, परीक्षा घ्यायला जाता. तर हा त्या परीक्षेचा निकाल समजा: पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला तेही सांगणार आहे.

सायकल अ‍ॅटलासची. काळी, बावीस इंची, रॉडब्रेकची. नोकरीत कायम झालो तेव्हा सोसायटीचं कर्ज काढून घेतलेली. त्या काळात सकाळच्या पाळीला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर सायकलींचा नुसता लोंढा असायचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे लोक एकीकडे, पिंपरीच्या एचएचे (हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे) आणि आकुर्डीच्या बजाजचे दुसरीकडे, मधे आम्ही एसटीवाले. आता त्या रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो जाते आणि खाली सायकल घालायला वाघाचं काळीज लागतं. मी आतल्या रस्त्यांनी जातो. दूध, भाजी, गिरणीतलं दळण, सगळं अजून हिच्याच कॅरिअरवर.

अ‍ॅटलास 1951 साली सोनीपतला सुरू झाली. साहिबाबादचा तिचा कारखाना 3 जून 2020 ला थांबला, आणि 3 जून हा जागतिक सायकल दिन, त्यामुळे पेपरात तेव्हा बरीच हळहळ छापून आली होती. मला लोक अजून विचारतात, की आता तुमच्या सायकलीला सामान कुठलं मिळणार? मिळतं. आपल्याकडची काळी सायकल अ‍ॅटलास असो, हीरो असो की एव्हन, सगळ्या जुन्या इंग्रजी मापांवर बेतलेल्या आहेत. लुधियानाहून आलेला कोन (एक्सलवर चढणारा निमुळता नट, ज्यावर छर्रे फिरतात), एक्सल, कॉटर पिन, छर्रे, कुठल्याही काळ्या सायकलीला चालतात. फक्त मडगार्डावरचं नाव परत मिळत नाही, आणि ते माझं शाबूत आहे.

मामांकडे जाण्याच्या आधी मुलानं मोबाइलवरून घरी येऊन सर्व्हिसिंग करणारी एक सेवा बोलावली होती. नाव घेत नाही. छापील टी-शर्ट घातलेला मुलगा आला, बोलायला गोड. त्यानं पाइप लावून जोरात पाणी मारलं, चेनीवर कसला तरी फवारा उडवला, सीट पुसली, आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढले आणि गेला. फोटोत सायकल झकास दिसते. पण हबच्या (चाकाच्या मधल्या गाभ्याच्या) तोंडावर असा पाण्याचा फवारा मारला की पाणी थेट आत शिरतं, आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. पावसाळा सुरू व्हायच्या आत मागचं चाक कुरकुरायला लागलं. मामांनी ते हब उघडलं तेव्हा आतलं ग्रीस दुधाच्या चहासारखं झालेलं होतं. एक नट न खोलता सर्व्हिसिंग कसं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मामांकडे ओव्हरऑइलिंग म्हणजे सायकल पूर्ण मोकळी. (शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मलाही माहीत आहे. शेवटी ऑइलच पडायचंय, तर लोकांनी तसं म्हटलं त्यात माझं काही जात नाही.) दोन्ही चाकं, हँडल, फोर्क, दोन्ही पायडल, क्रँक (पायडलचे दांडे), मधला एक्सल, चेन, फ्रीव्हील, मडगार्ड, ब्रेकचे रॉड. उभा राहतो तो फक्त सांगाडा. पूर्वी हे सगळं रॉकेलमध्ये धुवायचे. आता रॉकेल मिळायची मारामार, म्हणून डिझेल.

खोलायचं काम बघताना मी एकच गोष्ट बघतो: काढलेलं ठेवतो कुठं. अर्ध्या दुकानांत सगळं एका घमेल्यात पडतं. पुढच्या चाकाचा कोन मागच्याच्या वॉशरवर, त्यावर हँडलचे छर्रे, आणि मग संध्याकाळी ‘हे कुठलं रे?’ सुरू. मामांकडे रंगाचे रिकामे डबे आहेत. पुढचं चाक एका डब्यात, मागचं दुसऱ्यात, मधला एक्सल तिसऱ्यात, हँडल चौथ्यात. आणि चाकाचा डावा कोन एका सुतळीत, उजवा दुसरीत. मी हे बघितलं तेव्हाच मनातल्या मनात पहिला तारा देऊन टाकला. डाव्या-उजव्याचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. कोन आणि वाटी (छर्रे जिच्यात बसतात ती) वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून एकमेकांच्या ओळखीची झालेली असतात. कोन अजून चांगला असेल तर तो त्याच्याच वाटीत परत गेलेला बरा.

माझ्या मागच्या चाकाच्या दोन्ही कोनांवर खड्डे पडले होते. नखानं चाचपून बघायचे, नख अडकलं की कोन बाद. हे मामांनी मला न सांगता कोन माझ्या हातात दिला आणि गप्प बसले. मी नख फिरवलं आणि म्हटलं, टाका नवा. दुकानदारानं गिऱ्हाइकाला सामान बदलायला लावायची ही पद्धत मला फार आवडली.

छर्रे मात्र सगळे बदलायचे, यावर ते ठाम आहेत आणि मीही. जुन्यातले आठ चांगले आहेत म्हणून त्यात दोन नवे घालणारे लोक आहेत. जुना छर्रा झिजून केसभर लहान झालेला असतो, त्यामुळे सगळा भार त्या दोन नव्यांवर येतो आणि ते वाटी खातात. माप सांगून ठेवतो, कोणाला उपयोगी पडेल: पुढच्या चाकाला दीड सुती, एका बाजूला 10. मागच्याला दोन सुती, एका बाजूला 9. मधल्या एक्सलला दोन सुती, एका बाजूला 11. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं.) वाटीत अजून एक छर्रा मावेल असं वाटतं, आणि नवशिक्या तो घालतोच. घालायचा नाही. थोडी फट राहिली तरच छर्रे फिरतात, नाहीतर एकमेकांना घासत बसतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या वर्कशॉपात ‘जोडणं’ हा शब्द फारसा ऐकू यायचा नाही. जोडतात ती वायर, किंवा हवेची नळी. बेअरिंग, पिस्टन, गिअर, खिडकीची काच, दरवाजा, हे सगळं बसवायचं. आणि बसवणारा मिस्त्री काम झाल्यावर ‘बसवलं’ म्हणायचा नाही, ‘बसलं’ म्हणायचा. म्हणजे ते आपलं आपण जागेवर गेलं, मिस्त्री नुसता निमित्ताला. उलट काम फसलं की ‘बसवलं, पण बसलं नाही’. ही तक्रार आमच्याकडे रोजची. वरून सगळे बोल्ट आवळलेले असायचे, बघणाऱ्याला काही कळायचं नाही, पण गाडी रस्त्यावर गेली की आवाज यायचा. नवीन आलेल्या अप्रेंटिसला आमचे चार्जमन विचारायचे, ‘बसवलं का बसलं?’ पोरगं गोंधळायचं. दोन वर्षांनी तेच पोरगं दुसऱ्याला विचारायचं.

मामांच्या तोंडी हा शब्द अगदी तसाच आहे. ते बार्शीकडचे, आमच्या वर्कशॉपाशी त्यांचा काही संबंध नाही, तरीही. भाच्यानं पुढचं चाक तयार करून दिलं, मामांनी एक्सल दोन बोटांत धरून फिरवला आणि म्हणाले, ‘बसलं न्हाई अजून.’ पोरगं म्हणालं, ‘मामा, घट्ट केलंय की.’ ‘घट्ट केलंस म्हणून तर बसलं न्हाई.’

कोन बसवणं ही या सगळ्या कामातली परीक्षेची जागा आहे, म्हणून इथं जरा थांबतो. वाटीत ग्रीस भरायचं, छर्रे त्यात एकेक रोवायचे. ग्रीस त्यांना धरून ठेवतं. मग एक्सल घालायचा, कोन हातानं आवळायचा, थोडा मागं फिरवायचा आणि वर लॉकनट. सगळी गोम अशी की लॉकनट आवळताना कोन पुन्हा थोडा पुढं सरकतो. म्हणजे आत्ता बरोबर वाटलं ते लॉकनट आवळल्यावर घट्ट होणार. हे गृहीत धरून कोन आधीच किंचित ढिला सोडावा लागतो. किती, ते कुठल्या पुस्तकात लिहिता येत नाही. ढिला राहिला तर चाकाला खेळ येतो, रिम बाजूला हलते. घट्ट झाला तर चाक फिरतं, पण महिन्याभरात कोन खड्डे पाडून मोकळा.

बरोबर बसलंय का, ते बघायची जुनी खूण मामांना माहीत आहे. चाक फोर्कात लावून सायकल उचलायची आणि चाक नुसतं सोडून द्यायचं. व्हॉल्वची बाजू जड असते. कोन बरोबर असेल तर चाक आपणहून हळूहळू फिरून व्हॉल्व खाली येऊन थांबतो, थोडा इकडे, थोडा तिकडे झुलतो, मग थांबतो. अडकून मधेच थांबला तर पुन्हा लॉकनट ढिला. भाच्याकडून त्यांनी ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. मला बसायला स्टूल दिलं होतं, चहा सांगितला होता, आणि माझ्या देखत पोराला एकदाही शिवी घातली नाही. आमच्या वेळी असं नव्हतं.

हँडलची परीक्षाही तशीच. पुढचं चाक उचललं की हँडल आपोआप एका बाजूला पडायला हवं. सरळ समोर बघताना अडकत असेल, जणू तिथं एक खाच आहे असं वाटत असेल, तर खालच्या वाटीत छर्र्यांचे ठसे उमटलेत. माझ्या सायकलीला ते होतं. मी वर्षानुवर्षं तशीच चालवत होतो. वाटी नवीन बसवली आणि पहिल्या वळणाला मीच दचकलो, इतकं हलकं.

कॉटर पिनांबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलणार, कारण पुण्यातल्या निम्म्या काळ्या सायकली यात मार खातात. क्रँक एक्सलवर ज्या पाचरीनं धरलेला असतो ती कॉटर पिन. दोन बाजूंना दोन. एका क्रँकचा नट वर असेल तेव्हा दुसऱ्याचा खाली असला पाहिजे, म्हणजे पिना एकमेकींच्या उलट घातलेल्या. दोन्ही एकाच बाजूनं घातल्या तर क्रँक एका रेषेत राहत नाहीत, आणि चालवताना एक पाय लंगडतोय असं वाटत राहतं. लोक गुडघ्याला बाम चोळत बसतात, दोष पिनेचा असतो. दुसरं, पिन हातोड्यानं ठोकून बसवावी लागते. क्रँकच्या खाली आधार न देता ठोकली तर प्रत्येक घाव छर्र्यांमधून वाटीवर जातो, म्हणजे आत्ताच घातलेल्या नव्या छर्र्यांनी नव्या वाटीत खड्डे. मामांकडे त्यासाठी जाड लोखंडी नळीचा हातभर तुकडा आहे. तो क्रँकखाली उभा टेकवतात, भाचा धरतो, मग तीन घाव. मग नट. आणि सांगतात, ‘काका, चार दिस चालवा आन् परत या, नट अजून अर्धा फेरा घेईल.’ खरंच घेतला.

उलट्या आट्यांचं तर मी बघतच होतो, की पोरगं फसतंय का. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. मधल्या एक्सलची उजवीकडची वाटीही उलट्या आट्यांची असते, हे कमी जणांना. सुलट समजून ती काढायला जाणारा प्रत्यक्षात ती आवळत असतो, आणि मग छिन्नी-हातोडा बाहेर येतो. पोरगं बरोबर फिरवत होतं. शाबास म्हणालो नाही, पण मनात नोंद घेतली.

याच आट्यांवरून तिथं बसल्या बसल्या एक प्रकरण बघायला मिळालं. एक बाई मुलाची सायकल घेऊन आल्या. ऑनलाइन मागवलेली, खोक्यात आलेली. या सायकली ‘85 टक्के जोडलेल्या’ येतात. उरलेलं 15 टक्के, म्हणजे पुढचं चाक, हँडल, पायडल, सीट, ब्रेक, तुम्ही घरी बसवायचं. सोबत एक पातळ पत्र्याचा पाना असतो. म्हणजे अख्ख्या सायकलीत ज्याच्यावर माणसाचे दात अवलंबून आहेत तेवढंच काय ते तुमच्याकडे सोपवलेलं. बाईंच्या घरी फोर्क उलटा फिरलेला असतानाच हँडल आवळलं होतं. दुरून कळत नाही. कळतं कशावरून, तर पुढचा ब्रेक फोर्काच्या मागच्या बाजूला गेलेला असतो आणि वळताना पोराचा चवडा चाकाला लागतो. पोरगं दोनदा पडलं होतं आणि घरच्यांनी त्यालाच ‘नीट चालव’ म्हणून दटावलं होतं. वर डावं पायडल उजवीकडे जबरदस्तीनं पिळून बसवलेलं, आटे पार गेलेले. मामांनी फोर्क सरळ केला, त्याचे पैसे घेतले नाहीत. क्रँक बदलावा लागला, त्याचे घेतले. बाईंना एवढंच म्हणाले, ‘ताई, पोराला काय बोलू नका.’

आमच्याकडे दापोडीला डेपोतून आलेलं इंजिन दुरुस्त झालं की कुठल्या गाडीत जाणार ते आम्हाला कळायचं नाही. आपण बसवलेलं बसलं की नाही, हे सांगायला कोणी परत यायचं नाही. मामांच्या दुकानात गिऱ्हाईक त्याच गल्लीतलं, ते चार दिवसांनी समोर उभं राहणारच. मला वाटतं, त्यांच्या निम्म्या शहाणपणाचं कारण हेच असावं. बाकीचं निम्मं त्यांचं स्वतःचं.

काम झाल्यावर मला एक दुधाची पिशवी मिळाली. त्यात माझे जुने छर्रे, दोन्ही खड्ड्यांचे कोन, झिजलेल्या पिना, हँडलची वाटी. न मागता. बसवून झाल्यावर काही उरलं तर दुकानदार ते हळूच पायानं बाकाखाली सरकवतो, हे मी आयुष्यभर बघत आलोय. इथं उरलेलं मोजून हातात दिलं. घरी जाऊन मी छर्रे मोजले, हे सांगायला नको. बरोबर होते.

आता तक्रारी.

पहिली, वेळ. दोन दिवस सांगितले, आठवडा गेला. रोज ‘उद्या पक्कं’. मधे कोणाची शाळेची सायकल, कोणाचं पंक्चर, आणि माझा सांगाडा भिंतीला टांगलेला. दूध-भाजीला मला पायी जावं लागलं, आणि ते मी त्यांना ऐकवलंही. हसतात.

दुसरी जरा गंभीर. फ्रीव्हीलमध्ये भाच्यानं ग्रीस भरलं होतं. मी सायकल ढकलत दोन पावलं चाललो आणि थांबलो, कारण टकटक ऐकू येईना. फ्रीव्हीलच्या आत जी दोन कुत्री, म्हणजे बारीक खिट्ट्या, असतात, ती बारीक स्प्रिंगवर उठून दात्यात अडकतात, म्हणून पायडल मारलं की चाक ओढलं जातं. घट्ट ग्रीसमध्ये ती चिकटून बसतात, उठत नाहीत. मग ऐन चढावर पायडल एकदम रिकामं फिरतं आणि माणूस दांडीवर आपटतो. तिथं पातळ ऑइलच पाहिजे. मामांनी बघितलं, भाच्याकडे एकदा पाहिलं, आणि फ्रीव्हील पुन्हा काढून डिझेलमध्ये बुडवलं. वाद घातला नाही, पण हे माझ्या कानानं पकडलं. दुसरं कोणी असतं तर ते तसंच गेलं असतं. कापलेला तारा याचाच आहे.

तिसरी, ब्रेकची रबरं. हलकी आहेत. लोखंडी रिमवर पावसात तशीही ब्रेक कमीच लागतात, त्यात ही रबरं नुसती घसरतात. मी बाहेरून चांगली आणून त्यांच्याकडूनच बसवून घेतली. ती बसवताना रबर ज्या डबीत बसतं तिची बंद बाजू रिम फिरते त्या दिशेला ठेवली, हे त्यांना सांगावं लागलं नाही. उलटी बसली असती तर ब्रेक दाबल्यावर रबर डबीतून सरकून रस्त्यावर पडतं.

चेनीबद्दल मात्र मी हरलो आणि ते जिंकले. मला वाटत होतं चेन बदलायची वेळ आली. मामांनी फूटपट्टी लावली. अर्ध्या इंचाच्या चोवीस कड्या, म्हणजे ताणून धरल्यावर बारा इंच भरायला हव्यात. त्या एक सूत वाढल्या की चेन बाद. माझी अर्ध्या सुताच्याही आत होती. ‘अजून दोन वर्सं चालंल,’ म्हणाले, आणि तीच धुऊन परत घातली. नवी चेन विकायची संधी सोडणारा दुकानदार कुठं मिळतो? लॉकची चिमटीही बरोबर, बंद टोक चेन पळते त्या दिशेला. चेनीचा ढील त्यांनी क्रँक फिरवत चार ठिकाणी तपासला, कारण दातेरी चक्र कधीच अगदी गोल नसतं. एका जागी ढिली वाटणारी चेन दुसऱ्या जागी ताठ होते. जिथं सगळ्यात ताठ तिथं अर्धा-पाऊण इंच खाली-वर हलली की पुरे.

बाकी किरकोळ. मडगार्डाचे दोन मूळ नट हरवले, त्यांच्या जागी पांढरे साधे आले. फोर्काच्या नळीवर पान्याचा एक ओरखडा, जो माझ्याशिवाय कोणाला दिसणार नाही. बिल मिळत नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहून देतात, पण त्यात एकेक वॉशर लिहिलेला असतो.

मजुरी 450 रुपये, सामान वेगळं. माझं सगळं मिळून हजाराच्या आत बसलं. घरी येणाऱ्या त्या सेवेनं पाणी मारायचेच त्याहून जास्त घेतले होते.

कोणी जाऊ नये तेही सांगतो. डिस्क ब्रेक, हायड्रॉलिक, अकरा गिअर, सीलबंद बेअरिंगची सायकल असेल तर मामा स्वतःच हात जोडतात, ‘त्याचं हत्यार नाही आपल्याकडं.’ त्यांना उगीच गळ घालू नका. घाई असेल तरी जाऊ नका. काळी सायकल असेल, पोराची साधी सायकल असेल, किंवा खोक्यातून आलेली कोणी बसवून द्यावी असं वाटत असेल, तर बिनधास्त जा.

सोमवारी बंद. बाकी दिवस दहाच्या आधी उघडत नाहीत, दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली. पैसे रोख द्या किंवा भाच्याच्या नावाचा क्यूआर आहे. सायकल टाकताना दोनच गोष्टी सांगून ठेवा: फ्रीव्हीलमध्ये ऑइल, ग्रीस नको, आणि ब्रेकची रबरं मी आणून देतो. तिसरी सांगायची गरज नाही, जुने छर्रे ते आपणहून देतात.